शून्य माणसांचं घर

माझ्या वर्गात आयत मेला, तिथून हे सगळं सुरू झालं.

चौथीचा वर्ग. मी फळ्यावर आयत काढला आणि पोरांनी व्याख्या म्हणून दाखवली. समोरासमोरच्या बाजू समान, चारही कोन काटकोन, सगळं आरतीसारखं, डोळे मिटून, एका सुरात. मला बरं वाटलं. मग मी फळा पुसला आणि म्हटलं, आता मला आयत दाखवा. सगळा वर्ग पुसलेल्या फळ्याकडे बघत बसला. खोलीला दार होतं, दोन खिडक्या होत्या, टेबलावर हजेरीपट होता, खुद्द तो फळा होता. कुणाला काही म्हणून दिसेना. शेवटी मागचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच पुसलाव की. मेला तो."

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. आता वयामुळे जरा खाली उतरलाय. पण त्या दिवशी मी रागावले ती पोरांवर नाही, स्वतःवर. वर्षभर मी शब्द देत होते आणि पोरं ते फळ्यावरच ठेवून घरी जात होती.

मी मूळची मुदखेडची. नेमणूक मिळाली ती उदगीरकडच्या एका लहान गावात. लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव मुख्याध्यापकांनी मोठ्या उत्साहाने चुना लावून पुसलं, आणि नवं लिहायला रंग आला नाही. त्यामुळे आमची शाळा काही महिने कुठल्याच जिल्ह्यात नव्हती. खडू मागितले तर जुने म्हणायचे नव्यांना मागा, नवे म्हणायचे तुमची फाईल अजून आमच्याकडे आली नाही. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाटी पुसायला पोरांना पाणी द्यायचं नाही, असा मीच नियम केला होता. पोरं थुंकीने पाटी पुसायची. पुढे पुढे तर पोरांच्या तोंडाला थुंकीही पुरेना.

अशात वरून परिपत्रक आलं. प्रत्येक मुलाला गणितातले पन्नास शब्द यायला हवेत आणि ते व्यवहारात वापरता यायला हवेत, तपासणीला साहेब येतील. मुख्याध्यापकांनी ते तीनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, बाई, तुम्ही तरुण आहात, हे तुम्हीच करा. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि तेवढ्या काळात नवा शब्द शिकायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मी गृहपाठ काढला. रोज दोन शब्द. पोराने गावात फिरायचं, त्या शब्दाची वस्तू शोधायची, तिच्यावर तो शब्द लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी मला नेऊन दाखवायचं. खडू नव्हते. पण कुंड्या रंगवायला आणलेले गेरूचे खडे शाळेत पोतंभर पडून होते. कुंड्यांतली झाडं कधीच वाळली होती. मी प्रत्येकाच्या हातात गेरूचा एकेक खडा ठेवला.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आख्ख्या नोकरीतले सोन्याचे होते. आडाच्या कठड्यावर परीघ आला. बैलगाडीच्या चाकावर त्रिज्या आली. रॉकेलच्या पिंपावर दंडगोल, कडब्याच्या गंजीशेजारच्या भिंतीवर शंकू, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावर समांतर. पट्टा फिरायला लागला की समांतर गरगर फिरायचा. बहुतेक घरांच्या भिंतींवर आयत आणि काहींवर चौरस. चौरस लिहिण्याआधी पोरं दोरीने मापून घ्यायची, उगाच कुणालाही चौरस द्यायची नाहीत. एकाने झोपलेल्या आजोबांच्या टकलावर अर्धगोल लिहायला घेतला होता, पण आजोबा मधेच जागे झाल्यामुळे टकलावर नुसताच अर्ध राहिला.

शून्य मात्र कुणाला सापडेना. कुणी रिकामा खिसा उलटा करून दाखवला, कुणी रिकामी मूठ. शेवटी तो शब्द एका मुलीने आणला. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली, नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. तिने मला घरी नेलं. दाराशेजारी रांजण होता आणि त्याच्यावर भिंतीला, तिचा हात पोचेल तितक्या उंचीवर, ठळक अक्षरात लिहिलं होतं, शून्य. "बाई, हात घाला आत," ती म्हणाली. मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटं तळाला लागली. तळ कोरडा होता, गारसुद्धा नव्हता. इतकं पक्कं शून्य मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. मी तिची पाठ थोपटली आणि सगळ्या वर्गाला ताकीद दिली की हा शब्द कुणी पुसायचा नाही.

कुणी पुसला नाही.

त्याच आठवड्यात टंचाईच्या नोंदीसाठी तालुक्याहून कारकून आला. आता टँकर येणार होता आणि पाणी कार्डावर मिळणार होतं, माणशी एक हंडा. त्यासाठी प्रत्येक घराचा प्रकार आणि घरातल्या व्यक्ती लिहायच्या होत्या. बिचारा भर उन्हात आला होता, त्याला तालुक्याची हद्दही नीट ठाऊक नव्हती. त्याने गावात पाऊल टाकलं आणि पाहतो तर काय, घराघरावर गेरूने काहीतरी लिहिलेलं. आता आमच्याकडे भिंतीवर गेरूने लिहिणारा एकच, तो म्हणजे सरकार. देवीची लस टोचणाऱ्या डॉक्टरांपासून मतदार यादीवाल्यांपर्यंत सगळे गेरूनेच लिहून जातात. आधीची कुठली तरी तुकडी निम्मं काम करून गेली, असं समजून कारकुनाने कोतवालाला पुढे घातलं आणि भिंतीवरचं वहीत उतरवून घेतलं. घराचा प्रकार, आयत. घराचा प्रकार, चौरस. व्यक्ती किती ते ज्याच्या त्याच्या दारात विचारून लिहिलं. मुलीच्या घराला कुलूप होतं. आईबाप रोजगार हमीवर खडी फोडायला गेले होते, ती आणि तिचा भाऊ शाळेत होते. भिंतीवर शून्य होतं. त्याने व्यक्तींच्या खान्यात शून्य लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेला.

यातलं काही मला पंधरा दिवस, कार्डं येईपर्यंत, कळलं नाही. आणि आधी कळलं ते भलतंच.

सकाळी सकाळी सरपंच शाळेत आले. हातात कार्ड. माझं घर आयत कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लांबी जास्त आहे म्हणून. ते म्हणाले, समोरच्याचं चौरस आहे, तो गेल्या निवडणुकीत माझ्या विरोधात होता, आणि त्याला चौरस? मी त्यांना बसवून नीट समजावलं. चौरसात मोठं काही नाही. उलट चौरस हा एक प्रकारचा आयतच असतो.

सरपंचांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजे त्यो आमच्यातबी हाय," ते म्हणाले, "अन् वरून येगळाबी हाय. दोन्हीकडून खाऊन ऱ्हायला की."

 

दुपारपर्यंत गावभर झालं की चौरसाला जादा हंडे मिळणार. संध्याकाळपर्यंत झालं की आयतांना पुढच्या यादीतून काढणार. दोन सख्ख्या भावांची घरं एकाच भिंतीला लागून, धाकट्याचं चौरस निघालं, तर थोरल्याने बोलणं टाकलं. लोक माझ्याकडे यायला लागले. बाई, आमचं बदलून द्या. मी सांगायची, अहो, हा पोरांचा अभ्यास आहे, याला काही अर्थ नाही. जितकं जास्त सांगावं तितका त्यांचा विश्वास कमी. सरकारी माणूस ज्याला काही अर्थ नाही म्हणतो त्यातच सगळं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. शेवटी सरपंच तिसऱ्यांदा आले तेव्हा मी संतापून म्हटलं, तुमच्या घराला लांबी आहे, रुंदी आहे, उंची आहे, तुमचं घर आयतसुद्धा नाही, तुमचं घर इष्टिकाचिती आहे. सरपंचांचा चेहरा उजळला. मला तो शब्द कागदावर लिहून मागितला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भिंतीवर तो ऑइलपेंटने आला, हातभर अक्षरात, आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह तालुक्याला दुरुस्तीचा अर्ज गेला.

मी घरी जाऊन पोट धरून हसले. खरं सांगते, त्या महिन्यात मी इतकी हसले की मला आज त्याची लाज वाटते. कारण त्याच महिन्यात ओढ्यापलीकडचं एक घर पाण्यावाचून होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं.

मुलीची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा कळलं. दोन टँकर येऊन गेले होते. टँकरबरोबर येणारा वहीवाला घरोघरची नावं पुकारायचा, यांचं यायचंच नाही. वाड्यातल्या बाया आपापल्या हंड्यातला एकेक तांब्या देत होत्या, त्यावर चौघांचं चाललं होतं. तिने वहीवाल्याला विचारलं तर त्याने पान उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण गोल ओळखता येत होता. ती माझ्याशी भांडायला आली नव्हती. "बाई, चौघं हाव आम्ही," ती एवढंच म्हणाली. "मोजून बघा."

मुलगी वर्गात पहिल्या रांगेत बसलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं आधीच कळलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, अर्ज करा, पण अर्जात गृहपाठ हा शब्द घालू नका. सरकारी नोंदीत घोळ केला असं निघालं तर चौकशी लागेल, तुम्ही अजून कायम झालेल्या नाही, नव्या जिल्ह्यात बदल्यांचा पाऊस पडतोय. दुसरा कुठला पाऊस पडत नव्हता, तेव्हा हा खरा असणार. मी अर्ज लिहिला. एका मुलाने खेळता खेळता भिंतीवर लिहिलेला शब्द नजरचुकीने नोंदीत आला आहे, असं लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, ते लिहिलं नाही. अर्ज मुलीच्या दप्तरात ठेवला आणि आम्ही तिघी, मी, ती आणि तिची आई, तालुक्याला गेलो.

तिथले मोठे कारकून फार सौम्य गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, हा अर्ज कुणाचा? मी म्हटलं, या घरातल्या लोकांचा. ते म्हणाले, नोंदीप्रमाणे घरात लोक नाहीत. ज्या घरात शून्य व्यक्ती आहेत, त्या घराचा अर्ज घ्यायचा कुणाकडून? आई म्हणाली, "साहेब, मी ही इथं हुबी हाय की." कारकुनांनी तिच्याकडे अगदी कळवळून पाहिलं. म्हणाले, तुम्ही दिसताय हो, पण दिसणं वेगळं आणि नोंद वेगळी. आधी कागदावर कुणीतरी असायला हवं, मग तो कुणीतरी बाकीच्यांना आणेल.

कागदावर. माझ्या पिशवीत चौथीचा हजेरीपट होता. मी तो त्यांच्यापुढे उघडला. जूनपासून मुलीच्या नावापुढे एकही दिवस गैरहजर नव्हता. कारकून एकदम खुलले. वहीला वही भेटली की अशा माणसांना काय आनंद होतो, तो मी तेव्हा पाहिला. त्यांनी शून्य खोडून एक केलं आणि मुलीचं नाव लिहिलं. घरात आता एक व्यक्ती होती, म्हणजे कुटुंबप्रमुख तीच. मग तिने अर्ज केला की माझ्यावर आई, वडील आणि भाऊ अवलंबून आहेत, त्यांचीही नोंद व्हावी. अर्ज मी सांगितला, तिने लिहिला, एकही चूक न करता. दोन अटी पडल्या. पाणी घेताना कुटुंबप्रमुखाने जातीने हजर राहावं. आणि नोंद दुरुस्तीची असल्यामुळे दर महिन्याला शाळेने दाखला द्यावा की ही मुलगी आणि तिच्यावरची माणसं खरोखर आहेत.

अशी नऊ वर्षांची पोर घरातली कर्ती झाली. तिचा बाप मोठा गमत्या होता. त्या रात्री जेवताना त्याने हात जोडून, "मालकीणबाई, अजून एक भाकर घेऊ का?" असं विचारलं, म्हणे. तिने त्याला घे म्हणून सांगितलं. हे तिने मला दुसऱ्या दिवशी अगदी गंभीरपणे सांगितलं.

पण टँकर कधी येईल ते टँकरलाही माहीत नसायचं. तो आला की भोंगा वाजायचा आणि ती दप्तर मिटून, मला विचारून, ओढ्याकडे पळायची. तासन्‌तास रांगेत. दुसऱ्या घरांतून आया जायच्या, या घरातून ती. जूनपासून एकही दिवस न चुकलेली मुलगी आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस बाहेर राहू लागली. मी तिला हजर लावत होते. तिचं हजर असणं आता सरकारी कामाचं होतं.

साहेब तपासणीला आले ते नेमके टँकरच्या दिवशी. गावात शिरताना त्यांनी ऑइलपेंटमधली इष्टिकाचिती वाचली होती. तालुक्यात त्या अर्जावरून म्हणे चांगलाच गोंधळ झाला होता, घराचा हा प्रकार कुठल्या नियमात बसतो ते कुणाला सापडेना, आणि शून्य व्यक्तींच्या घराची गोष्टही साहेबांच्या कानावर गेली होती. साहेब खुर्चीत बसायच्या आधीच विचारायला लागले, हे भिंतींवर लिहायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? मुख्याध्यापक खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी म्हटलं, पोरं आहेत, लिहितात. साहेबांनी पोरांना शब्द विचारले. पोरांनी फाडफाड सांगितले आणि नुसते सांगितले नाहीत, दार दाखवलं, खिडकी दाखवली, साहेबांच्या चष्म्यात वर्तुळ दाखवलं. साहेब खूश झाले. मग त्यांनी पट बघितला. ही एक हजर आहे, पण दिसत नाही. मी म्हटलं, ती कुटुंबप्रमुख आहे, रांगेत आहे. साहेबांना वाटलं मी चेष्टा करते. म्हणाले, चला, दाखवा.

रांग लांब होती. ती मधे उभी होती, पायाशी दोन हंडे आणि दोन घागरी. साहेबांनी तिला शब्द विचारले. धारकता, लिटर, पाऊण, निमपट. तिने सगळे सांगितले, हंड्याला हात लावून लावून. मग साहेब म्हणाले, नोंदीत शून्य लागलं ते तुमच्याच घरावर ना? ते कुणी लिहिलं?

"म्या."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी टँकरच्या तोटीकडे बघत होते.

"कुणी न्हाई, साहेब," ती म्हणाली. "खेळता खेळता लिवलं."

माझ्याच अर्जातलं वाक्य. तालुक्याच्या वाटेवर ते तिच्या दप्तरात होतं आणि तिला वाचता चांगलं येत होतं. साहेब तिला बोलले. सरकारी काम म्हणजे खेळ नव्हे, तुझ्यामुळे केवढा घोळ झाला, कान धर. तिने कान धरले. रांग पुढे सरकली तशी ती कान धरूनच पुढे सरकली आणि हंडे पायाने ढकलत नेले. बाया बघत होत्या. तिची आई खडीवर होती, तेवढं बरं झालं. साहेबांनी परत येऊन शेरेबुकात लिहिलं की गणिताची शब्दसंपत्ती उत्तम, बाईंचे परिश्रम स्तुत्य. आणि जीपमध्ये बसून गेले.

मी परत ओढ्याकडे गेले. तिचा नंबर नुकताच लागून गेला होता. भरलेला हंडा उचलायला तिने मला हात लावायला सांगितला. मी तो तिच्या डोक्यावर चढवला आणि विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस?

तिने आधी डोक्यावरचा हंडा सावरला. "तुमची बदली झाली मंग?" ती म्हणाली. "दर महिन्याला आम्ही हाव म्हनून कोन लिहून देईल?"

आणि ती गेली, कारण मागे अजून एक हंडा आणि दोन घागरी न्यायच्या होत्या. मला वाटलं होतं तिने माझ्यावरच्या मायेपोटी खोटं सांगितलं. तसं असतं तर मला रडून मोकळं होता आलं असतं. तिने हिशेब मांडला होता, तो बरोबर होता, आणि त्यात माझी किंमत महिन्याला एक कागद एवढी निघाली होती.

पुढच्या दाखल्याला अजून आठ दिवस होते. मी तो त्याच दुपारी लिहिला. चौघंही आहेत, हयात आहेत, याच घरात राहतात, असं लिहून सही केली. शून्य कुणामुळे लागलं, ते त्याही कागदावर लिहायची हिंमत मला झाली नाही.